मळ जातो कुठे? आयनायझरचा दोनशे वर्षांचा इतिहास



आज आपण ज्या यंत्राचा इतिहास बघणार आहोत, ते तुम्ही दुकानात नाहीतर जाहिरातीत नक्की पाहिलेले असेल. हवा शुद्ध करणाऱ्या पेटीवर 'आयनायझर' असे लिहिलेले असते. काही एसींच्या रिमोटवर त्याचे वेगळे बटण असते. कोणी ते लॉकेटसारखे गळ्यात घालतात. स्वयंपाकघरात नळाला जोडायचा 'वॉटर आयनायझर' तर लाखाच्या पुढच्या किमतीलाही विकला जातो. घरात दम्याचे मूल असेल आणि दिवाळीनंतर त्याचा खोकला थांबत नसेल, तर आई-वडील काय करणार? कोणीतरी सांगते ते यंत्र आणतात. म्हणून हे यंत्र नेमके करते काय आणि ते आले कुठून, हे समजून घेणे ही नुसती हौस नाही.

या इतिहासात नावे, गावे, सनावळी बऱ्याच येतील. त्या लक्षात राहिल्या नाहीत तरी चालेल. एक प्रश्न मात्र आपण शेवटपर्यंत हातात धरून ठेवू : मळ शेवटी जातो कुठे?

सुरुवात शब्दापासून करू. 'आयन' हा शब्द मायकेल फॅरडेने १८३४ मध्ये वापरात आणला. पाण्यात विरघळलेल्या क्षारातून वीज सोडली की त्यातले काही अंश एका तारेकडे आणि काही दुसरीकडे जातात, हे तो अभ्यासत होता. या जाणाऱ्या अंशांना नाव हवे होते. केंब्रिजच्या विल्यम ह्यूएलने त्याला ग्रीक शब्द सुचवला. अर्थ काय, तर 'जाणारा'. आता गंमत बघा, आपल्या उत्तरायण-दक्षिणायनातले 'अयन' म्हणजेही जाणेच. ग्रीक आणि संस्कृत, दोन्हींतले हे शब्द एकाच जुन्या धातूपासून आलेले आहेत. तेव्हा आयन म्हणजे विजेचा प्रभार घेतलेला आणि त्यामुळे ओढीने चालू लागलेला कण, एवढे आपण पक्के धरू. आयनायझर कणाला प्रभार देतो आणि चालायला लावतो. आता चालायला लावलेला कण कुठेतरी पोचणार, म्हणून आपला प्रश्न.

विजेने धूर निवळतो हे फॅरडेच्या आधीच दिसले होते. १८२४ मध्ये लाइपझिगमधल्या होलफेल्ड नावाच्या गणिताच्या शिक्षकाने धुराने भरलेल्या भांड्यात विजेचा प्रभार असलेली तार सोडली. थोड्या वेळात धूर खाली बसला. पण त्याचा उपयोग कोणी केला नाही. कारण उघड आहे. तेव्हा वीज ही प्रयोगशाळेतली करमणूक होती, मोठ्या प्रमाणात ती मिळणार कुठून? प्रयोग विसरला गेला.

साठ वर्षांनी लिव्हरपूलचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक ऑलिव्हर लॉज यांनी तोच परिणाम पुन्हा दाखवला. आणि या वेळी एका कारखान्याने त्यांच्याकडे लक्ष दिले. वेल्समध्ये बॅगिल्ट इथे शिसे वितळवण्याच्या भट्ट्या होत्या. धुरातून शिसे उडून जायचे. म्हणजे मालही जातो आणि आसपासच्या माणसाजनावरांच्या अंगात विषही जाते. १८८५ मध्ये तिथे लॉज यांच्या पद्धतीने विजेच्या तारा बसवल्या. वीज पुरवायला मोठ्या काचेच्या चकत्या फिरवणारी विम्सहर्स्ट यंत्रे होती. आणि हा प्रयोग साफ फसला.

का फसला, याची दोन कारणे होती आणि दोन्ही पुढे आपल्याला लागणार आहेत. पहिले, विम्सहर्स्ट यंत्र दाब भरपूर देते, पण त्यातून मिळणारा प्रवाह अगदीच तुटपुंजा. कारखान्याच्या धुराला तो पुरत नाही. दुसरे कारण शिशाच्या धुळीत होते. ही धूळ विजेला वाट देत नाही, तिचा विद्युतरोध फार मोठा. असल्या धुळीला पकडणे आजही सर्वांत अवघड काम मानले जाते.

यश मिळाले ते कॅलिफोर्नियात. फ्रेडरिक कॉट्रेल हे बर्कलीच्या विद्यापीठात भौतिक रसायनशास्त्र शिकवत. १९०६-०७ च्या सुमारास त्यांच्यापुढे आलेला प्रश्न होता सल्फ्युरिक आम्लाच्या धुक्याचा. आम्लाच्या कारखान्यातले हे धुके इतके बारीक असते की गाळणीत अडकत नाही. कॉट्रेल यांच्या हाताशी लॉज यांच्याकडे नसलेली एक गोष्ट होती, ती म्हणजे वीजकंपनीचा पुरवठा. ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवायचा आणि फिरत्या यांत्रिक स्विचने तो प्रवाह एकाच दिशेचा करायचा, ही त्यांची युक्ती. दुसरी युक्ती योगायोगाने हाती लागली. सुती दोऱ्याचे वेष्टण असलेल्या एका तारेवर अंधारात जांभळी प्रभा दिसली. दोऱ्याच्या बारीक बारीक तंतूंच्या टोकांतून प्रभार गुळगुळीत तारेपेक्षा कितीतरी सहज हवेत निसटत होता. १९०८ मध्ये त्यांना पेटंट मिळाले.

हे यंत्र आतून कसे चालते ते आता नीट पाहू, कारण पुढचे सगळे आयनायझर याचीच भावंडे आहेत. मध्ये एक बारीक तार, दोन्ही बाजूंना जमिनीला जोडलेल्या रुंद पत्र्याच्या प्लेट. तारेला चाळीस-पन्नास हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऋण दाब. तार बारीक असल्यामुळे तिच्याभोवती विजेचा ताण एकवटतो आणि तिथली हवा फुटते. निळसर-जांभळी प्रभा दिसते, तिला 'कोरोना' म्हणतात. विषाणूशी याचा काही संबंध नाही बरं का, दोन्हींचा मूळ अर्थ मुकुट किंवा कडे एवढाच. या प्रभेतून सुटलेले इलेक्ट्रॉन हवेतल्या रेणूंना चिकटतात आणि त्यांचे ऋण आयन होतात. ते आयन धुळीच्या कणांवर जाऊन बसतात. आता धूळकणालाच प्रभार मिळाला, तो प्लेटकडे ओढला जातो आणि तिथे चिकटतो. ठराविक वेळाने हातोडे प्लेटवर ठोके देतात, धुळीचा थर सुटून खालच्या नरसाळ्यात पडतो. त्या नरसाळ्याला 'हॉपर' म्हणतात. यंत्राचे नाव इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर, कारखान्यातल्या बोलीत 'ईएसपी'. चांगले चालवले तर धुरातले ९९ टक्क्यांहून जास्त कण पकडते.

म्हणजे प्रभार देणे हे निम्मे काम झाले. उरलेले निम्मे काम प्लेट, हातोडा आणि हॉपर करतात. हे निम्मे जिथे गाळले जाते, तिथे पुढे घोटाळा होतो.

कॉट्रेल यांचे यंत्र पसरले त्याला विज्ञानाइतकेच कोर्टकचेऱ्यांनी हातभार लावला, हेही सांगायला हवे. दक्षिण कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडजवळ सिमेंटचा कारखाना होता आणि भोवती संत्र्यांच्या बागा. सिमेंटची धूळ पानांवर बसायची. बागायतदारांनी दावे लावले, तेव्हा कारखान्याने हे यंत्र बसवले. पुढे पहिल्या महायुद्धात जर्मनीहून येणारे पोटॅश बंद झाले. या पकडलेल्या धुळीत पोटॅश होते. मग तीच धूळ खतासाठी विकली जाऊ लागली! काल बागांचे नुकसान करणारी धूळ आज खत झाली, कारण ती एका जागी गोळा झाली होती.

पण प्रत्येक ठिकाणी असे झाले नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या बलाक्लाला तांबे भट्टीत कॉट्रेल यंत्रे बसली, त्यांनी धूळ बरीचशी पकडली, तरी शेतकऱ्यांचे समाधान झाले नाही. त्यांच्या पिकांचे मुख्य नुकसान सल्फर डायऑक्साइड वायूने होत होते आणि तो प्लेटला चिकटत नाही. १९११ मध्ये भट्टी बंद पडली. कणांसाठी केलेले यंत्र वायू पकडत नाही, हा धडा शंभर वर्षांहून जुना आहे. आजही स्वयंपाकाचा गॅस, नव्या रंगाचा वास किंवा बाथरूममधला फिनाइलचा दर्प आयनायझर काढेल असे कोणी म्हणाले, तर बलाक्लाला आठवावे.

कॉट्रेल माणूस म्हणूनही मोठे. पेटंटांतून स्वतः श्रीमंत होण्याऐवजी त्यांनी ती देऊन टाकली आणि १९१२ मध्ये 'रिसर्च कॉर्पोरेशन' ही संस्था उभी राहिली. धुराड्यातून आलेला तो पैसा पुढे अर्नेस्ट लॉरेन्सच्या सायक्लोट्रॉनला आणि रॉबर्ट गोडार्डच्या रॉकेटला लागला.

आता आपल्याकडे येऊ. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा ही औष्णिक वीजकेंद्रे आपल्याला माहीत आहेत. तिथल्या चिमण्यांच्या अलीकडे ज्या अवाढव्य पेट्या दिसतात, त्या याच ईएसपी. आपल्या कोळशात राख पुष्कळ, साधारण ३० ते ४५ टक्के. आणि गंधक कमी. गंधक कमी असणे एरवी चांगलेच, पण त्यामुळे राखेचा विद्युतरोध वाढतो. प्लेटवर बसलेला थर आपला प्रभार सोडत नाही आणि नव्या कणांना दूर ढकलतो. म्हणजे बॅगिल्टला लॉज यांना जी अडचण आली, तिचीच ही बहीण! म्हणून भारतातले ईएसपी परदेशातल्यापेक्षा मोठे बांधावे लागतात. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने धुरातल्या कणांसाठी नवे निकष काढले. सर्वांत जुन्या संचांना घनमीटरला १०० मिलिग्रॅम, त्यानंतरच्यांना ५० आणि २०१७ पासूनच्या संचांना ३०.

आणि हॉपरमधली राख? तिचे काय? काही सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते. उरलेली पाण्यात कालवून राखेच्या तलावात सोडतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा इथे कोराडी केंद्राच्या राख-बंधाऱ्याला भगदाड पडले आणि राखेचे पाणी आसपासच्या शिवारात आणि ओढ्या-नद्यांत शिरले. हवेतून काढलेला मळ पाण्यात गेला. चिमणी स्वच्छ दिसते म्हणून प्रश्न मिटत नाही, तो पुढच्या गावाला जातो.

कारखान्यातून हे तंत्र घरात आले १९३० च्या दशकात. वेस्टिंगहाउस कंपनीतले गेलॉर्ड पेनी यांनी दोन टप्प्यांचे यंत्र केले. पहिल्या टप्प्यात प्रभार, दुसऱ्यात प्लेट. त्यांच्यापुढे एक नवी अडचण होती. कोरोनाच्या प्रभेत ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि त्यातून ओझोन तयार होतो. चिमणीत त्याची फिकीर कोणी करत नाही, पण खोलीत माणसे श्वास घेतात. ऋण दाबाऐवजी धन दाब दिला तर ओझोन बराच कमी होतो, म्हणून पेनी यांनी धन दाब निवडला. घरातले यंत्र करताना सुरुवातीलाच ओझोनचा विचार झाला होता, हे लक्षात ठेवू.

ओझोनबद्दल एक गैरसमज अजून टिकून आहे. आकाशात उंचावर तो आपल्याला वाचवतो, म्हणून तो चांगला, असे वाटते. पाणी निर्जंतुक करायला तो खरोखर चांगला आहे, फ्रान्समधल्या नीस शहराने १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध केले. पण जो वायू जंतू मारतो तो फुप्फुसाच्या नाजूक अस्तरालाही चावतो. दम्याच्या माणसाला तर आधी.

घरगुती आयनायझरांच्या गोष्टीत दुसरा धागा येतो तो धबधब्याचा. १८९२ मध्ये फिलिप लेनार्ड यांनी दाखवले की पडणाऱ्या पाण्याचे थेंब फुटतात तेव्हा आसपासच्या हवेला ऋण प्रभार येतो. शोध खरा होता. पुढे विक्रेत्यांनी त्यावर इमले चढवले. धबधब्याजवळ प्रसन्न वाटते, तिथे ऋण आयन असतात, म्हणून ऋण आयनांनी प्रसन्न वाटते, असा तो तर्क. आंबोलीच्या धबधब्याखाली आपल्याला बरे वाटते त्याला गारवा असतो, सुट्टी असते, सोबतची माणसे असतात. त्यातले आयन वेगळे काढून मोजायला हवेत. २०१३ मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. चिंता किंवा झोप यांवर ठोस परिणाम दिसला नाही. ऋण आयनांची मात्रा फार मोठी ठेवली, तर नैराश्याच्या मोजमापात काही फरक दिसला, एवढेच.

या विचारातून जी छोटी यंत्रे आली त्यांतल्या बऱ्याच यंत्रांनी प्लेटच काढून टाकली. नुसत्या सुया, हवेत आयन सोडणाऱ्या. मग मळ जातो कुठे? प्रभार मिळालेली धूळ भिंतीवर, पडद्यावर, टेबलावर बसते. यंत्रामागची भिंत काळवंडते, आणि लोक म्हणतात, बघा किती मळ काढला! आपण फडका मारला, पंखा लावला की त्यातला काही पुन्हा हवेत. काही प्रभारित कण आपल्या श्वासमार्गातही बसू शकतात.

अमेरिकेत 'शार्पर इमेज' कंपनीचे 'आयॉनिक ब्रीझ' नावाचे यंत्र खूप गाजले. त्यात प्लेट होत्या, पण पंखा नव्हता. हवाच पुरेशी आत येत नसेल तर प्लेट काय करणार? 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या ग्राहक मासिकाने चाचणी घेऊन ते निष्प्रभ ठरवले. कंपनीने २००३ मध्ये मासिकावर दावा लावला, २००४ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. २००५ मध्ये त्याच मासिकाने अशा काही यंत्रांच्या ओझोनबद्दल इशारा दिला. कंपनी २००८ मध्ये दिवाळखोरीत गेली. दरम्यान कॅलिफोर्नियाने कायदा केला आणि २०१० पासून दहा कोटी भागांत ५ भागांपेक्षा जास्त ओझोन सोडणारी घरगुती यंत्रे विकायला बंदी आली.

दम्याचे काय? सुरुवातीला आपण त्या मुलाची आठवण काढली होती. जुनाट दम्यावर आयनायझर वापरून झालेल्या चाचण्यांचा आढावा कोक्रेन या संस्थेने घेतला आहे. दम्याच्या लक्षणांत फायदा दिसल्याचा पुरावा त्यात मिळाला नाही. कोविडच्या काळात 'बायपोलर' म्हणजे दोन्ही प्रभारांचे आयन सोडणारी यंत्रे शाळा-कचेऱ्यांत बसली. विमानांत ती वापरावीत का, याचा अभ्यास बोइंग कंपनीने करून पाहिला आणि २०२१ च्या अहवालात त्याला अनुकूल निष्कर्ष काढला नाही. छोट्या बंद पेटीत जंतू मरणे आणि माणसे वावरत असलेल्या खोलीत मरणे, यांत फार अंतर असते.

आता पाण्याकडे वळू. पाण्याच्या बाबतीत 'आयनायझर' या एका नावाखाली दोन अगदी वेगळी यंत्रे येतात.

पहिले तांबे-चांदीचे. धातूचे अत्यल्प आयनही सूक्ष्मजीव मारतात, हे स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांनी शेवाळावर पाहिले होते. त्यांचा निबंध मृत्यूनंतर १८९३ मध्ये छापला गेला. आपल्याकडे तांब्याच्या हंड्यात रात्रभर पाणी ठेवायची रीत आहेच. २०१२ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी जंतू घातलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवून पाहिले. जंतू पुन्हा वाढले नाहीत आणि पाण्यातले तांबे जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या आत राहिले. यात वेळ महत्त्वाची. सकाळी भरून लगेच प्यायचे, याला अर्थ नाही.

यंत्रात हेच काम वीज घाईने करून देते. तांब्या-चांदीच्या पट्ट्यांतून थोडा प्रवाह सोडायचा, आयन पाण्यात उतरतात. याची खरी गरज कळली एका साथीनंतर. १९७६ च्या जुलैमध्ये फिलाडेल्फियातल्या हॉटेलात माजी सैनिकांचे अधिवेशन झाले आणि न्यूमोनियाने २९ सैनिक गेले. पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला जंतू सापडला, त्याला लिजिओनेला नाव मिळाले. तो मोठ्या इमारतींच्या कोमट पाण्याच्या नळांत आणि शीतकरणाच्या टाक्यांत वाढतो. १९९० नंतर अमेरिकेतल्या रुग्णालयांनी त्यासाठी तांबे-चांदी आयनीकरण वापरले. प्रमाण किती? लिटरमागे ०.२ ते ०.४ मिलिग्रॅम तांबे आणि त्याच्या दहावा हिस्सा चांदी. पहिल्या १६ रुग्णालयांचा अनुभव २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, तो चांगला होता. पण पाणी जास्त अल्कधर्मी असेल तर तांब्याचा जोर ओसरतो, पट्ट्यांवर थर बसतो, त्या घासाव्या लागतात, आयनांचे प्रमाण मोजत राहावे लागते. इथे मळ जात कुठेच नाही. मेलेले जंतू पाण्यातच राहतात. गाळ, क्षार, कीटकनाशके जशीच्या तशी.

दुसरे यंत्र अल्कधर्मी पाण्याचे. १८०० मध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी विजेने पाण्याचे विघटन केले, त्याचाच हा वंश. मध्ये पडदा घालून एका बाजूला अल्कधर्मी आणि दुसऱ्या बाजूला आम्लधर्मी पाणी वेगळे करतात. जपानने १९६० च्या दशकात याला पोटाच्या तक्रारींसाठी वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता दिली. मान्यता अपचनासारख्या तक्रारींपुरती होती, आणि आत जाणारे पाणी आधीच पिण्याजोगे असेल हे गृहीत होते. आपल्याकडे विकताना या दोन्ही अटी गळून पडतात. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या विहिरींतले फ्लोराइड असो की अकोला-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यातले क्षार, त्यांचा इलाज म्हणून हे यंत्र बनलेलेच नाही. आणि रक्ताचा सामू तर फुप्फुसे आणि मूत्रपिंडे अखंड सांभाळत असतात. पाण्याच्या पेल्याने तो बदलत नाही.

तर आता खरेदीला निघालेल्या आई-वडिलांसाठी एवढेच सांगू. दुकानदाराला चार गोष्टी विचारा. प्रभार दिल्यावर कण गोळा करायला यात प्लेट किंवा गाळणी आहे का, आणि ती धुवायची कशी? ओझोन किती सुटतो, कोणी मोजला? चाचणी पेटीत झाली की खोलीत? आणि पाण्याचे असेल तर, माझ्या पाण्यात नेमके काय आहे हे आधी तपासले का? गाळणी बदलायचा साधा हेपा फिल्टर आयनांच्या गप्पा मारत नाही, पण त्याचे उत्तर सरळ असते : मळ गाळणीत आहे, बघा, काढा आणि टाका.

कॉट्रेल यांच्या संत्र्याच्या बागांपासून खसाळ्याच्या शिवारापर्यंत गोष्ट एकच आहे. वीज मळाला चालायला लावते. त्याचा मुक्काम मात्र माणसांनाच ठरवावा लागतो, आणि तो ठरवताना शेजारच्या शेतकऱ्याला विचारावे लागते. त्याने विचारून घेतले नाही तर कोर्टात जाऊन विचारायला लावावे लागते, हेही रिव्हरसाइडने दाखवले.